सध्या स्लो आहे

ऑफिसातली यंत्रं माणसाला दोन तऱ्हांनी छळतात. काही बंद पडतात, काही हळू चालतात. बंद पडणाऱ्या यंत्रांबद्दल मला आदर आहे. ती पडतात, पडल्याचं कबूल करतात आणि कुणीतरी येऊन उभं करेपर्यंत निमूट पडून राहतात. हळू चालणारं यंत्र काहीच कबूल करत नाही. ‘मी चालूच आहे’ असं त्याचं म्हणणं असतं, आणि पंचाईत अशी की ते खरं असतं.

मेल सर्व्हर बंद पडला तर लगेच कळतं, कारण सगळं ऑफिस एकदम ओरडतं. तो हळू झाला की प्रत्येक जण वेगळ्या वेळी, वेगळ्या मजल्यावरून आणि वेगळ्या सुरात ओरडतो. ‘पार्टीने साडेदहाला पाठवलेलं कोटेशन जेवणानंतर मिळालं.’ ‘शेजारच्या टेबलावर मेल पाठवला, तो पोचायच्या आत मी उठून सांगून आले.’ ‘सेंड दाबल्यापासून ते चक्र फिरतंय ते फिरतंयच.’ या सगळ्याचं सार काढून साहेब मेल सांभाळणाऱ्याला कळवतात, ‘मेल स्लो आहे, बघा जरा.’ हे ते मेलवर कळवत नाहीत. फोन करतात.

मेलची वाट पाहण्यापेक्षा निदान करणं सोपं असल्यामुळे दुपारपर्यंत निदानांचा ढीग पडतो. अकाउंट्सच्या मॅडमच्या मते सेल्सवाले जड जड फोटो पाठवतात, त्यांनी लाइन तुंबते. सेल्सवाल्यांच्या मते महिनाअखेरीला अकाउंट्समधून ज्या अगडबंब एक्सेल फाइली सुटतात, त्यांचा हा प्रताप. एचआरचा अँटिव्हायरसवर पूर्वीपासून राग आहे. नेटवर्क सांभाळणारा गृहस्थ खुर्चीतून न उठता जाहीर करतो, ‘माझ्याकडून पिंग ओके आहे.’ त्याचं पिंग ओके नाही असा दिवस अजून उगवलेला नाही. पिंगमुळे यंत्र जिवंत आहे एवढंच कळतं. जिवंत असणं आणि काम करणं यांतला फरक खरं तर कुठल्याही ऑफिसात समजावून सांगावा लागू नये. सर्व्हर पुरवणारा व्हेंडर रॅम वाढवायला सांगतो. तो कुठल्याही दुखण्यावर रॅमच सांगतो, आणि त्याचं कोटेशन मात्र त्याच स्लो मेलवरून त्याच दिवशी, वेळेत पोचतं.

शिवाय रिस्टार्टपंथीय आहेत. त्यांचा कारणांवर विश्वास नाही. रिस्टार्ट केला की चालू असलेल्या सगळ्या जोडण्या तुटतात, घटकाभर कुणालाच काही विचारता येत नाही, आणि त्या शांततेला ते सुधारणा समजतात. अख्खं मशीनच बंद करून चालू केलं तर मेमरीत जमलेला सगळा ऐवज पुसला जातो, त्यामुळे पहिली काही उत्तरं आधीपेक्षाही रेंगाळत येतात. पंथीय यावर विचार करून म्हणतात, ‘अजून एकदा करून बघा.’

या सगळ्या मंडळींत एका गोष्टीवर एकमत असतं. मेल सर्व्हरला मेल उचलून नेण्यात वेळ लागतो, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्याचा वेळ चौकशा करण्यात जातो. पत्ता समोर आला की त्याला आधी ठरवावं लागतं, हा माणूस आपला की परका, आपला असला तर अजून नोकरीत आहे का, आणि त्याचा मेल भलत्याच नावाच्या पेटीत तर टाकायचा नाही ना. ही माहिती त्याच्यापाशी नसते. ती डिरेक्टरी नावाच्या दुसऱ्या सर्व्हरपाशी असते, आणि तिच्याशी बोलायची रीत म्हणजे एलडॅप.

या रीतीचा इतिहासही वजन कमी करण्याचाच आहे. जगभरच्या दूरसंचार खात्यांनी आणि मानक ठरवणाऱ्यांनी मिळून १९८८ मध्ये एक्स.५०० नावाचं डिरेक्टरीचं मानक काढलं. समित्यांनी केलेल्या गोष्टीत जे जे असावं ते सगळं त्यात होतं. ते चालवायला लागणारा पसारा तेव्हाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला पेलेना. मग मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि मंडळींनी त्यातला बोजा उतरवून सुटसुटीत मार्ग काढला, आणि १९९३ मध्ये तो एलडॅप म्हणून कागदोपत्री आला. डिरेक्टरीत लिहायचं क्वचित आणि वाचायचं सतत, हे त्यामागचं गृहीतक. ऑफिसात माणूस एकदा लागतो, एकदा जातो. मधल्या काळात त्याच्याबद्दल चौकशा मात्र अखंड चालू असतात, हे मिशिगनमध्ये बसूनही त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

किती चौकशा, याची कल्पना मेल पाठवणाऱ्याला नसते. पोस्टफिक्स हा एक भला मेल सर्व्हर आहे. आयबीएमच्या संशोधन केंद्रात वित्से वेनेमा यांनी तो लिहिला आणि १९९८ मध्ये जगाला दिला. अत्यंत काटेकोर, आणि काटेकोर माणसात असतो तो दुर्गुण त्याच्यातही आहे: तो एकदा विचारून थांबत नाही. आधी पूर्ण पत्ता विचारतो. नाही सापडला तर आपल्या घरचा पत्ता असल्यास ॲटच्या अलीकडचं नुसतं नाव विचारतो. तेही नसलं तर त्या डोमेनवर सरसकट काही सोय केली आहे का, ते विचारतो. टोपणपत्ता सापडला, तर ज्याच्याकडे तो बोट दाखवतो त्याची चौकशी नव्याने सुरू. मग पेटी कुठे आहे हे विचारायचं, मग मेल कोणत्या मार्गाने न्यायचा हे विचारायचं.

हे फक्त आपल्या लोकांपुरतं असतं तर एक वेळ ठीक. पण टोपणपत्त्यांची तपासणी बाहेर जाणाऱ्या पत्त्यांचीही होते. सेल्समधल्या पोराने इंदूरच्या व्यापाऱ्याच्या जीमेलवर दरपत्रक पाठवलं, की पोस्टफिक्स आपल्याच डिरेक्टरीला गंभीरपणे विचारतो, ‘हे जीमेलवाले गृहस्थ आपल्याकडे असतात का?’ डिरेक्टरी शोधते आणि नाही म्हणते. पुढचं पत्र जाताना तो पुन्हा विचारतो. ‘बाबा रे, आपल्या डोमेनपुरतंच विचारत जा’ असं त्याला एका ओळीत बजावता येतं. ती ओळ लिहायची सोय पोस्टफिक्समध्ये आहे, तिच्याने डिरेक्टरीवरचा भार खूप कमी होतो असं त्याच्या माहितीपुस्तिकेतही सांगितलंय. पण माहितीपुस्तिका वाचल्यावर रिस्टार्टपंथात राहता येत नाही.

यातून एक गंमत कळते. अकाउंट्सच्या मॅडमनी ज्यांच्यावर आळ घेतला त्या जड फोटोंचा या दिरंगाईशी काही संबंध नाही. वीस एमबीचा फोटो असो की ‘ओके’ एवढं एकच उत्तर, चौकशा तेवढ्याच होतात. चौकशा वाढतात त्या पाठवायच्या माणसांच्या संख्येवर. खरा गुन्हेगार सकाळी अकराच्या सुमाराला, केकसकट येतो. एचआरकडून ‘सर्व स्टाफ’ या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मेल सुटतो. ग्रुपमध्ये सभासदांचे मेलचे पत्ते न ठेवता डिरेक्टरीतल्या त्यांच्या नोंदींचे नुसते दाखले ठेवले असले, तर प्रत्येक सभासदाची नोंद एकेक करून काढावी लागते. एवढ्यात कुणीतरी ‘हॅपी बर्थडे’ असं रिप्लाय ऑल करतो. मग दुसरा. मग ज्याचा वाढदिवस आहे तो सगळ्यांचे आभार मानतो. शेवटी एक जण ‘कृपया रिप्लाय ऑल करू नका’ हे रिप्लाय ऑल करून सांगतो. आणि प्रत्येक वेळी बिचारी डिरेक्टरी सर्व स्टाफची झडती पहिल्यापासून घेते.

डिरेक्टरीने चटकन उत्तर दिलं तर यातलं काही जाणवत नाही. पण उत्तर रेंगाळलं की पोस्टफिक्स ठरलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहतो. कुणी बदलली नसेल तर ही मुदत १० सेकंदांची असते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर तो बाहेरून आलेल्या सर्व्हरला ४५१ क्रमांकाचा सभ्य नकार देतो: तूर्तास चौकशी होऊ शकत नाही, नंतर या. ते ‘नंतर’ कधी, हे पाठवणारा सर्व्हर आपल्या सवडीने ठरवतो. पार्टीचं कोटेशन जेवणानंतर का पोचतं, त्याचं उत्तर इथे आहे. मेल कुठेही हरवलेला नसतो. त्याला दारातून परत पाठवलेलं असतं आणि तो पुन्हा येण्याचा मुहूर्त पाहत असतो. शिवाय दारात मेल घेणाऱ्यांची संख्याही मर्यादित, मुळात १००. शंभर जणही उत्तराची वाट पाहत खोळंबले, की पुढच्याची दखल घ्यायला कुणी मोकळा नसतो. सर्व्हरचा प्रोसेसर या काळात जवळजवळ रिकामा बसलेला दिसतो. आलेख बघून साहेब म्हणतात, ‘याला तर काही कामच नाही!’ आणि व्हेंडरचा रॅमचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर एक इंच पुढे सरकतो.

तपासातली सगळ्यात अपमानास्पद गोष्ट प्रात्यक्षिकाच्या वेळी होते. बराच वेळ खपून एक प्रश्न सापडतो, ज्याला डिरेक्टरी हमखास पाच-सहा सेकंद घेते. साहेबांना बोलावून त्यांच्या देखत तोच प्रश्न पुन्हा विचारला, की उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. कारण मघाशी शोधताना उचललेली माहिती मेमरीत ताजी असते. साहेब खांद्यावर हात ठेवतात. ‘आता चालतंय की!’ ते जागेवर परत जाईपर्यंत मेमरीतली जागा दुसऱ्या कामाला गेलेली असते. म्हणून अनुभवी ॲडमिन प्रात्यक्षिकाला नेहमी न विचारलेलं नाव राखून ठेवतो, शक्यतो कधीच कुणाचा मेल न येणाऱ्या माणसाचं. असा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो, आणि तो खूप सुखी असतो.

मग उरतो शहाणा मार्ग, म्हणजे मोजमाप. मेल सर्व्हरच्या मशीनवरून पोस्टमॅप नावाच्या हत्याराने एकच पत्ता विचारायचा आणि घड्याळ लावायचं. मग मेलला मधून काढून एलडॅपसर्चने तोच प्रश्न थेट डिरेक्टरीला विचारायचा. नंतर डिरेक्टरीच्या मशीनवर जाऊन तिथूनच विचारायचा. वेळ कोणत्या टप्प्यावर खाल्ला जातो ते असं दिसत जातं. इथे एक नियम फार उपयोगी पडतो: आकडा बघायचा. खरोखर राबणाऱ्या यंत्राचा वेळ वेडावाकडा येतो. कधी ३.७ सेकंद, कधी ६.२. पण दर वेळी नेमके ५ सेकंद किंवा नेमके १० सेकंद लागले, तर कुणीही राबत नाहीये, कुणीतरी कुणाची तरी वाट पाहतंय. घाम गाळणाऱ्याचा हिशोब कधी गोल येत नाही. ऑफिसातल्या ओव्हरटाइमच्या अर्जांनाही हा नियम लावून बघावा.

नेमके ५ सेकंद दिसले की संशय डीएनएसवर जातो. लिनक्सवर नावाचा आकडी पत्ता शोधताना एका डीएनएस सर्व्हरला साधारण तेवढाच वेळ दिला जातो, मग पुढच्याला विचारलं जातं. यादीतला पहिला सर्व्हर कुणीतरी मागे कधीतरी काढून टाकलेला असतो, पण यादीतून त्याचं नाव काढलेलं नसतं. त्यामुळे प्रत्येक नवी जोडणी होताना आधी त्या दिवंगताची पाच सेकंद वाट पाहिली जाते. नावाऐवजी आकडी पत्ता देऊन विचारलं आणि उत्तर झटक्यात आलं, तर डिरेक्टरी निर्दोष सुटते. नेटवर्कवाल्या गृहस्थाला हे सांगायला जावं तर तो दिवंगताचा पत्ता विचारतो, पिंग करतो, उत्तर येत नाही, आणि म्हणतो, ‘मग हा सर्व्हर आपला नसेल.’

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीची तऱ्हा वेगळी. विंडोज २००० पासून ती बहुतेक मोठ्या ऑफिसांत ठाण मांडून आहे. तिला ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन सगळ्या डोमेनच्या मुळापासून शोधायला सांगितलं, तर ती मिळालेली माहिती देतेच, वर दोन-तीन ठिकाणांचे पत्ते देते: तिथेही विचारून पाहा. आज्ञाधारक प्रोग्रॅम त्या प्रत्येक ठिकाणी जातो आणि हात हलवत परत येतो. हवी होती ती माहिती पहिल्याच खिडकीवर मिळालेली असते. ३२६८ या पोर्टवर ग्लोबल कॅटलॉग बसलेला असतो. तो असं कुणाकडे धाडत नाही.

पण बहुतेक वेळा इतकं लांब जावं लागत नाही, कारण गुन्हेगाराने कबुलीजबाब आधीच लिहून ठेवलेला असतो. ओपनएलडॅप या डिरेक्टरी सर्व्हरच्या लॉगमध्ये एक छोटी ओळ पुन्हापुन्हा येते: मेल, नॉट इंडेक्स्ड. म्हणजे मेलच्या पत्त्यावरून माणूस शोधायचा, पण पत्त्यांची सूचीच केलेली नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर कार्यकर्त्याकडे आडनावाप्रमाणे लावलेली यादी असली तर तो चिठ्ठी लगेच फाडून देतो. मतदान केंद्रातली मूळ यादी घरक्रमाने असते. तीच हातात घेऊन बसला तर तो पहिल्या पानापासून बोट फिरवत सुटतो, आणि मागे रांग ऐन उन्हात वाढत जाते. तुमचं नाव यादीतच नसेल तर सगळ्यात वाईट, कारण ‘नाही’ म्हणायला त्याला शेवटचं पान गाठावं लागतं. मेल सर्व्हरकडे तर दिवसभर असेच लोक येतात. इन्फो, सेल्स, ॲडमिन, टेस्ट अशी अंदाजपंचे नावं लावत स्पॅमवाले विचारत असतात, आणि जो जन्माला आलाच नाही त्याला शोधायला डिरेक्टरी सगळी पानं उलटत असते.

आणखी एक बारकी मेख आहे. प्रश्न ‘अमुक पत्ता किंवा तमुक पर्यायी पत्ता किंवा लॉगिनचं नाव’ असा असला, तर तिन्हींची सूची हवी. त्यांतल्या एकाची जरी नसली तरी बाकी दोघांची असून उपयोग नाही, सगळी पानं उलटावीच लागतात. प्रश्नात ‘आणि’ असेल तर मात्र एकाच्या सूचीवरही निभावतं. ही ‘किंवा’ घालण्याची हौस कुठून येते? दर वेळी कुणीतरी म्हणतं, ‘असू दे, कधी लागलं तर.’ बैठकीत ठरलेल्या प्रश्नाला ‘किंवा’ किती, यावरून बैठकीला माणसं किती होती ते सांगता येतं.

उपाय एका ओळीचा: मेलची सूची करा. मात्र ही ओळ जुन्या पद्धतीच्या मजकुरी फाइलीत घालून नुसता रिस्टार्ट मारला तर फार प्रेक्षणीय प्रकार होतो. डिरेक्टरी ओळीवर विश्वास ठेवून सूचीत बघते. सूचीत जुनी माणसं नसतातच, कारण ती कुणी भरलेलीच नसते. मग साहेबांपासून सगळा जुना स्टाफ ‘असा कुणी इथे नाही’ या उत्तरासह परत जाऊ लागतो, आणि तेही विजेच्या वेगाने. ज्यांना वेग हवा होता त्यांची तक्रार अर्थातच मिटलेली असते. ते टाळायला सर्व्हर थांबवून सूची भरणारं स्लॅपइंडेक्स नावाचं हत्यार चालवावं लागतं. ते रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकाऱ्याच्या, अधिकाराने चालवलं तर तयार झालेल्या फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि ज्याच्यासाठी एवढं केलं त्या सर्व्हरलाच त्या उघडता येत नाहीत. नव्या पद्धतीच्या रचनेत हे सगळं चालत्या गाडीत आपोआप होतं, म्हणून तिची ओळख करून घेतलेली बरी.

आणि जमलं म्हणून उत्साहाच्या भरात प्रत्येक गोष्टीची सूची करू नये. टेलिफोनचा, खोलीचा, बुटाच्या मापाचा रकाना सूचीत घातला, तर एका माणसाची बदली झाली तरी सगळ्या सूच्या दुरुस्त करत बसावं लागतं. लोक ज्यावरून शोधतात, तेवढ्याचीच सूची करायची.

अशी ती ओळ पडते, सूची बनते आणि मेल पळू लागतो. नेमक्या त्याच आठवड्यात व्हेंडरची रॅम येऊन बसलेली असते. मासिक अहवालात ‘रॅम वाढवल्यामुळे मेल सेवेत लक्षणीय सुधारणा’ असं नोंदलं जातं. एका ओळीचं बिल होत नाही, आणि ज्याचं बिल होत नाही ते अहवालात कसं घालणार?

खरी गंमत पुढे होते. मेल झटपट पोचायला लागल्यावर ऑफिसात आनंदीआनंद होईल ही अपेक्षा होती. पण चेहरे उतरतात. ‘सकाळीच पाठवलंय साहेब, आमचा सर्व्हर सध्या जरा स्लो आहे’ या एका वाक्यावर कित्येक कोटेशनं, रिपोर्टं आणि माफीनामे तगून होते. अकाउंट्सची पेमेंटची सूचना वाटेत असायची. एचआरकडची पगारवाढीची पत्रं वाटेत असायची. आता कोण कधी पाठवतं आणि कोणाला कधी मिळतं हे मेलच्या डोक्यावर सेकंदासकट छापून येतं, आणि दोन्ही वेळा सारख्याच असतात. सर्व्हर बंद पडला तर कुणीतरी दोषी ठरतो. सर्व्हर स्लो असला तर कुणीच ठरत नाही. एवढी मोठी सोय एका ओळीने काढून घेतल्याबद्दल लोक आभार मानतील, हीच अपेक्षा भाबडी होती.

परवा सेल्सचे मॅनेजर येऊन टेबलापाशी घुटमळले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, ‘महिनाअखेरीपुरतं ते थोडं पहिल्यासारखं नाही का करता येणार?’

करता येतं. एकच ओळ काढायची असते. फक्त तिकीट टाका म्हटलं, मेलवरून.